सोनाबाई गोड बोलायला लागली तेव्हा

सांगोल्याच्या पलीकडं, डाळिंबाच्या बागा संपून माळ सुरू होतो तिथं बोरमाळवाडी आहे. या वाडीत सोनाबाईच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा माणूस सापडायचा नाही, आणि त्या शिव्यांचा राग धरून बसलाय असाही सापडायचा नाही. सकाळी शेरडं सोडताना पहिली शिवी शेरडांना, दुसरी दूध घालायला येणाऱ्या पोराला आणि तिसरी घरधन्याला.

"अवं, मुडदा बशिवला तुमचा, या की गिळायला. भाकरी वाळून चालली."

हे रामहरीला जेवणाचं बोलावणं. लग्न होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पहिलं वर्ष सोडलं तर बोलावणं बदललं नाही. आता यातली गंमत बघा. सोनाबाईनं नवऱ्याला कधी एकेरीत हाक मारली नाही, त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. मुडदा बसवायचा तोसुद्धा 'तुमचा'. रीत म्हणजे रीत. आणि दुसरं असं की कुणाच्या आईला, कुणाच्या बहिणीला तिनं शिवीत कधी ओढलं नाही. ज्याची त्याला द्यायची, रोख.

वेळापूरहून लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी मुकी आहे की काय अशी वाडीला शंका होती. वर्षभर कुणी तिचा आवाज ऐकला नाही. मग एका दुष्काळात टँकर सुरू झाले. टँकरवाला मोठ्या घरांपुढं गाडी लावायचा, आणि खालच्या आळीला पोचेपर्यंत टाकीच्या तळाचा गाळ उरायचा. बाया रोज घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि रोज गाळ घेऊन परतायच्या. एके दिवशी सोनाबाई रस्त्याच्या मधोमध घागर ठेवून उभी राहिली आणि तोंड उघडलं. वर्षभराचं साठलेलं सगळं त्या ड्रायव्हरला मिळालं. बिचारा खाली उतरला, पाइप स्वतःच्या हातानं जोडला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी आधी खालच्या आळीला आणू लागला. पुढं पुढं तर तो तिला मावशी म्हणायचा आणि एखादा दिवस शिवी नाही मिळाली तर तब्येत विचारायचा. त्या दिवसापासून सोनाबाईचं तोंड जे सुटलं ते सुटलंच.

तिचा एकुलता एक मुलगा सिद्धनाथ सोलापूरला एसटीत कंडक्टर. त्याची बायको वैजयंती करकंबची, बी.ए. झालेली, बोलायला मोजकी आणि वागायला सरळ. सासूचं आणि तिचं चांगलं जमायचं, कारण एक बोलायची आणि दुसरी ऐकायची. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा सोनाबाईनंच तिला उभं केलं. दारोदार फिरून प्रचार केला, आणि त्या प्रचारात मतदारांना जे ऐकावं लागलं ते निवडणूक आयोगाच्या कानावर गेलं नाही हे नशीब. सून निवडून आली. पंचायतीवरच्या पाटीवर तिचं नाव रंगवलं तेव्हा वाचता येत नसूनही सोनाबाई तिथं बराच वेळ उभी होती.

तर त्या उन्हाळ्यात काय झालं, वाडीतल्या पोरांची क्रिकेटची मॅच चालली होती. कुणीतरी कुणाच्या आईवरून बोललं, त्यानं उलट बहिणीवरून काढलं, आणि स्टंप डोक्यात बसून एकाला टाके पडले. हे एक झालं. त्याच आठवड्यात तिसरीतल्या पोरानं खडू मागावा इतक्या सहज बाईंना आईवरची शिवी दिली. त्याला अर्थही ठाऊक नव्हता. वैजयंतीच्या ते फार जिव्हारी लागलं. तिनं ठरवलं, एक मेच्या ग्रामसभेत शिवीबंदीचा ठराव मांडायचा. जो शिवी देईल त्यानं मारुतीच्या देवळापुढचं पटांगण सगळ्यांच्या देखत झाडायचं.

ग्रामसभा भरली. उदयसिंह उठले. हे मागले सरपंच. खुर्ची गेली पण ऐट गेली नाही असा माणूस.

"कायदा रस्त्यावर असावा," ते म्हणाले. "माणसाच्या तोंडात हात घालायचं काम पंचायतीचं न्हाय. आज शिवी बंद कराल, उद्या तंबाखू बंद म्हणाल, परवा म्हणाल लुंगी लावून चावडीवर यायचं न्हाय. मग आमी स्वतंत्र कशात ऱ्हायलो?"

बऱ्याच पुरुषांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोला, मुद्दा बिनबुडाचा नव्हता.

वैजयंती शांतपणे म्हणाली, "तुमच्या तोंडातलं तुमच्या तोंडात राहिलं तर पंचायतीला त्याच्याशी काय करायचंय? ते बाहेर येऊन दुसऱ्याच्या आईच्या अंगावर पडतं. म्हणून पंचायत बोलतीय."

बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. हात वर व्हायला लागले. डाव हातचा जातोय म्हटल्यावर उदयसिंहांनी दुसरी चाल खेळली. "बरं, मग अर्धा कायदा कशाला? रस्त्यावर बंद तर घरात बी बंद. आन् फकस्त आई-बहिणीची न्हाय, समदी शिवी बंद. सुरुवात सरपंचाच्या घरापास्नं करा."

सगळ्या माना सोनाबाईकडं वळल्या. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वैजयंतीचा चेहरा उतरला. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात सोनाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"लिवा तसंच," ती म्हणाली. "घरात बी बंद, समदी बंद. माज्या सुनंची मान माज्या तोंडापायी खाली जायची न्हाय. आजपास्नं माज्याकडनं एक शब्द निघाला तर मला इचारा."

झालं. ठराव मंजूर.

आणि खरं सांगायचं तर ठरावानं गुणही दाखवला. पोरं मैदानावर जपून बोलायला लागली. पानाच्या टपरीवर शिवी ओठावर आली की माणूस ठसका लागल्यासारखं करायचा. उदयसिंहांच्या तोंडून ट्रॅक्टर चिखलात रुतल्यावर एक कचकचीत निघाली, तेव्हा त्यांनीही पटांगण झाडलं, आणि ते बघायला शेजारच्या वाडीचीही माणसं आली होती. पटांगण इतकं स्वच्छ कधी नव्हतं.

सोनाबाईची मात्र परवड झाली. शेरडं हाकलताना नुसतं "चला, चला" म्हणावं लागायचं, आणि शेरडं जागची हलायची नाहीत. दूधवाला पोरगा पाणी घालून आणायला लागला. शेजारणी विचारायच्या, ताप-बिप आहे का. ती ओठ मिटून सगळं गिळायची. तिच्या जिवाचं किती पाणी पाणी होत असेल ते तिलाच ठाऊक, पण शब्द दिला म्हणजे दिला.

नेमकं ठराव झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी रामहरीच्या छातीत जळजळायला लागलं. सिद्धनाथ त्याला सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, फोटो काढला. शेवटी डॉक्टर म्हणाला, "काही नाही बाबा, गॅस आहे. चहा कमी करा." रामहरी हसत हसत घरी आला. मुलाला म्हणाला, ठराव गेला तिकडं, आता घरात पाय टाकला की शिव्यांचा पाऊस, एवढे पैसे घालवून गॅस आणला म्हणून.

सोनाबाई दारातच उभी होती. पोटात काळजी होतीच. ती म्हणाली, "आला का तुमी? दमला असाल. बसा वाईच, पाणी देते."

रामहरीनं मागं वळून बघितलं, ही दुसऱ्या कुणाशी बोलतीय की काय.

त्यानं पाणी प्यायलं आणि बायकोच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग मुलाकडं बघितलं. मुलगा मोबाइल बघत होता. रामहरीच्या मनात जे आलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात राहिली.

भाकरी राहिली म्हणून सोनाबाई घाबरली. घाबरली म्हणून आणखी मऊ बोलायला लागली. "अवं, दूध देऊ का? चुरून देऊ का?" आणि ती जितकी मऊ बोलायची तितका रामहरी आत आत जायचा. रोज दोन भाकरी आणि वर पिठलं चापणारा माणूस. आषाढ लागेस्तोवर त्याचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

मग त्यानं भलतंच सुरू केलं. एक दिवस सोनाबाईला बागेत नेलं आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर कसा चालू करायचा, फेज गेली तर काय करायचं, हे समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत कधी हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी आपला लाडका बोकड भावकीत देऊन टाकला. आणि एका सकाळी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि लग्नातला फेटा घालून सांगोल्याला गेला आणि स्टुडिओत फोटो काढून आला. घरातल्यांनी विचारलं तर म्हणाला, "आसावा एक बरा फोटू."

सोनाबाईनं तो फोटो बघितला आणि पालथा घालून ठेवला. तिनं सिद्धनाथला फोन करून दहा वेळा विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाला. तो वैतागून म्हणाला, "गॅस, आई, गॅस." पण समोर माणूस तर वाळत चाललेला. गॅसनं कुणी फोटो काढतं का?

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, रामहरीनं ताट बाजूला सारलं.

"सोने," तो म्हणाला, "आता खरं सांग. डॉक्टर काय म्हनला?"

"गॅस हाय म्हनला की."

"मग तू आशी का बोलायलीस?"

"कशी?"

"गोड." रामहरी खाली बघत म्हणाला. "माजी आय जाताना शेवटचा महिना तू तिला असंच बोलत व्हतीस. आत्याबाई, पानी घेता का. आत्याबाई, उशी सरळ करू का. त्याच्याआदी रोज तुमच्या दोघींची भांडणं. तांबडी गाय गेली तवा बी तू तिच्याजवळ बसून आशीच बोललीस. मला काय कळत न्हाय व्हय? जाणाऱ्याला तू कधी शिवी देत न्हाईस."

सोनाबाईच्या आता ध्यानात आलं. हा माणूस तीन महिने मरणाची वाट बघत होता, आणि ते मरण त्याला तिनं आपल्या हातानं रोज वाढलं होतं. तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं.

"अवं, ठराव न्हाय का झाला? मी सभेत शबूद दिला, तुमी तितंच तर हुता."

"ती भाईरची गोष्ट. घरात कोन बगतंय? इतकी वर्सं तू कुनाला भ्यालीस?" रामहरी मान हलवत म्हणाला. "आन् आता मी म्हनतोय म्हनून शिवी दिलीस तर ती बी खोटी. मला बरं वाटावं म्हनून दिलेली."

मागून घेतलेली शिवी कशी लागणार? आणि मागूनसुद्धा ती निघेना, कारण पलीकडच्या खोलीत वैजयंती उद्याच्या सभेची तयारी करत बसली होती. सोनाबाईनं ठरवलं, उद्या सभेतच विषय काढायचा. घर त्या ठरावातून सोडवायचं.

सकाळी झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, आणि ग्रामसभा बसली. रामहरी पुरुषांच्या मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. विषय संपत आले तशी सोनाबाई उठली.

"माजी एक मागणी हाय. ठराव चांगला हाय, पोरं सुधारली. रस्त्यावर, शाळंत, टपरीवर शिवी नकोच. जिच्या नावानं शिवी जाती ती बाई तितं नसती, तिला उलटून बोलता येत न्हाय. तिच्यासाठी कायदा पायजेच. पर घर सोडा. माज्या घरात मी काय बोलते ते ऐकणारं माणूस समोर असतंय. माज्या उंबऱ्याच्या आत पंचायतीचं काय काम?"

पुरुषांच्या बाजूनं लगेच "बरोबर, बरोबर" सुरू झालं. उदयसिंह तर खुशीत आले. "हेच मी म्हनत व्हतो," ते म्हणाले, जणू घराचं कलम त्यांनी घातलंच नव्हतं.

तेवढ्यात बायकांतून इंद्रायणी उभी राहिली. ही अंगणवाडीत मदतनीस. एरवी सभेत तोंड उघडत नाही.

"मावशी, घर सोडलं तर मी कुटं जाऊ?" ती म्हणाली. "रस्त्यावर मला कुनी शिवी देत न्हाय. मला जी मिळती ती घरातच मिळती. या तीन महिन्यांत पयल्यांदा माजी पोरं जेवताना शांत जेवली."

तिचा नवरा कडेला बसला होता, तो पायातल्या चपलेकडं बघायला लागला.

सोनाबाई उभीच होती. तिच्या शिव्या रामहरीला लागत नव्हत्या, पण दुसऱ्या उंबऱ्याच्या आत काय चालतं याचा तिनं विचारच केला नव्हता. लाज वाटली तिला. आपल्या घरापुरतं बघून आपण सगळ्या घरांची दारं लावायला निघालो होतो.

"हिचं खरं हाय," ती म्हणाली. "माजी मागणी मागं घेते. घराला सूट नको. ऱ्हाऊ द्या तसंच." आणि खाली बसली. बसली खरी, पण आतून कोसळली. संध्याकाळी नवऱ्याच्या पुढं कुठल्या तोंडानं ताट ठेवायचं?

वैजयंतीनं सासूकडं बघितलं, मग सगळ्यांना विचारलं, "अजून कुणाला काय बोलायचंय?"

मागून रामहरी भिंतीला धरून उठला. सदरा अंगात लोंबत होता.

"मला ठरावाचं काय बोलायचं न्हाय," तो म्हणाला. "समदी जमलाय, तर सांगून ठेवतो. माजं आता काय, चार दिवस. कुनाला वाईट-वंगाळ बोललो असंल तर पोटात घाला. माज्या मागं हिला तेवढं संभाळा. मोटार चालवायला शिकवलीया, पर हिचा हात सदा वला आसतोय, करंट-बिरंट—"

"मुडदा बशिवला तुमचा!"

पलीकडच्या झाडावरची पाखरं उडाली. सोनाबाई कधी उठली, बायकांच्या रांगेतून वाट काढत पुरुषांत कधी शिरली, कुणाला कळलं नाही.

"तुमच्या तोंडात माती पडली! गॅसचं दुखणं घेऊन मराय निघालाय व्हय, उलट्या काळजाचं माणूस? फोटू काढतंय! माजा सोन्यासारखा बोकड वाटतंय! तीन महिनं भाकऱ्या थापून थापून माजं हात मोडलं, आन् ह्यो गडी ताटात टाकून उटतोय. मला संभाळा म्हनतंय! माज्या आदी जाऊन तर बगा. जाऊन तर बगाच तुमी. तितं येऊन तंगडी धरून माघारी वडून न्हाय आणलं तर नावाची सोनाबाई न्हाय, काळतोंड्या!"

शेवटचा शब्द बोलताना ती रडत होती. त्या रडण्यात आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला एकेरी शिवी गेली होती, आणि ते तिचं तिलाही कळलं नाही.

आणि रामहरीचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला नवल वाटावं. तो भिंत सोडून सरळ उभा राहिला.

उदयसिंह भानावर आले. "सरपंचबाई, ठराव मोडला. भर सभेत मोडला. आता घरच्यांना दंड हाय का न्हाय?"

"आहे," वैजयंती म्हणाली. "भर सभेत शिवी गेली. आत्या उद्या पटांगण झाडतील." सोनाबाईनं डोळे पुसत मान डोलावली. "पण घराच्या कलमात एक सुधारणा मांडते. चार भिंतींच्या आत पंचायतीनं कान लावून बसायचं नाही. शिवी ज्याला बसली त्यानं, किंवा तिनं, येऊन सांगायचं. ज्यानं सांगितलं त्याच्यामागं अख्खी पंचायत उभी राहील. इंद्रायणीताई, तुला चालेल?"

"भ्यालेलं माणूस कसं येऊन सांगंल?" उदयसिंहांनी विचारलं, आणि या वेळी त्यात खवचटपणा नव्हता.

इंद्रायणीनं पदर खोचला. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मी सांगते की. पुन्हा झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांच्या दारात असंन. समद्यांच्या देखत सांगते."

हात वर झाले. इंद्रायणीच्या नवऱ्याचाही झाला, सगळ्यांत शेवटी.

"मग आत्ताच विचारून टाकते," वैजयंती सासऱ्याकडं वळली. तिला हसू आवरत नव्हतं. "मामा, आत्ताची शिवी तुम्हाला बसली. तुमची काही तक्रार?"

"हाय की," रामहरी म्हणाला. "लई मोठी हाय. तीन महिनं हिनं मला उपाशी ठिवलं. आता ही सभा आवरा लवकर, मला भूक लागलीया."